ती सूर्य

शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे श्टुटगार्टहून फोन येतो. तिथे तेव्हा दुपार असते. नात फोन हातात घेऊन घरभर पळते आणि मला कधी छत, कधी तिचा कान, कधी खिडकीबाहेरचं झाड दिसतं. मार्चमधल्या अशाच एका शनिवारी बऱ्याच दिवसांनी तिथे ऊन पडलं होतं. तिनं फोन खिडकीला लावला आणि ओरडली, "आजी, बघ, ती सूर्य आली!"

मागून मुलगा म्हणाला, "तो सूर्य, बाळा. तो आला."

ती ऐकेना. "नाही. डी झोने. ती."

मी एकतीस वर्षं डोंबिवलीतल्या शाळेत मराठी शिकवलं. लिंग ओळखा, वचन बदला, सामान्यरूप लिहा, असे प्रश्न काढण्यात आणि तपासण्यात आयुष्य गेलं. वहीत 'ती सूर्य' दिसलं असतं तर मी त्याला लाल शाईचा गोल केला असता. पण त्या रात्री विचार करताना लक्षात आलं की नातीनं नियम मोडलाच नव्हता. प्रत्येक वस्तूला लिंग असतं आणि क्रियापद त्या लिंगाप्रमाणे चालतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर 'ती' म्हटल्यावर 'आली' आपोआप आलं. लिंग तेवढं शेजारच्या भाषेतून आलं होतं. जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी आहे आणि चंद्र पुल्लिंगी. बालवाडीत जे आठ तास ऐकलं, ते तिनं आजीसाठी मराठीत आणलं होतं.

जूनमध्ये मी ठाण्याला नौपाड्यातल्या एका जर्मनच्या क्लासला नाव घातलं.

वर्गात आम्ही अठरा जण होतो. माझ्याखालोखाल वयानं मोठा माणूस चौतीस वर्षांचा. या भागाला जर्मन नावं नवी नाहीत. कळव्याचा सीमेन्सचा कारखाना आणि कोलशेत रोडवरची बायर ही नावं आमच्या पिढीनं नोकरीच्या पत्त्यांत ऐकलेली. पण त्या काळी जर्मन कंपनीत जाणाऱ्याला जर्मन यावं लागत नसे. आता मुलं कंपनीपर्यंत जात नाहीत, थेट देशालाच जातात. 2024 साली महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. श्टुटगार्ट ही त्याच राज्याची राजधानी. आमच्या वर्गात सात नर्सिंगच्या मुली होत्या. तिथल्या रुग्णालयात परिचारिका म्हणून मान्यता मिळवायची तर बी-टू पातळीपर्यंत भाषा यावी लागते, म्हणजे ए-वन, ए-टू, बी-वन अशा तीन पायऱ्या चढून चौथी. ए-वनच्या परीक्षेत शंभरपैकी साठ मिळाले की पास. त्या साठ गुणांवर या मुलींच्या घरची कर्जं, बहिणींची लग्नं आणि कल्याणच्या वन-आरकेमधून बाहेर पडण्याची वाट अवलंबून होती. मला त्यांच्या शेजारी बसताना आपण हौसेनं शिकतोय याची जाणीव सारखी होत असे.

शिकवण्याचं माध्यम इंग्रजी होतं. पहिल्या दिवशी बाईंनी फळ्यावर इंग्रजी 'द' लिहिला, त्याच्याखाली तीन रेघा ओढल्या आणि डेर, डी, डास असे तीन शब्द टांगले. पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग. डेर टिश म्हणजे टेबल, पुल्लिंगी. माझ्या शेजारच्या बाकावरच्या नर्स मुलीनं हात वर केला आणि इंग्रजीतून विचारलं, "मॅडम, टेबलाला जेंडर कसं असेल?"

ही मुलगी कल्याणची. घरी मराठी, शाळा मराठी, आई घरोघर पोळ्या करणारी. वर्ग सुरू होण्याआधी पाचच मिनिटं तिनं मला सांगितलं होतं, "काकू, ते टेबल ओलं आहे, पर्स ठेवू नका." ते टेबल. ओलं. एका वाक्यात तिनं टेबलाचं लिंगही सांगितलं होतं आणि विशेषणाला त्याप्रमाणे प्रत्ययही लावला होता. मग पाच मिनिटांत तिला हे नवल का वाटावं? कारण प्रश्न तिला इंग्रजीतून पडला होता. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'द', आणि तिथे उभं राहून पाहिलं की जर्मन म्हणजे रान वाटतं. मराठीच्या ओट्यावर उभं राहून पाहिलं तर ते मागचं अंगण आहे. पण त्या ओट्यावर उभं राहायला तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात बाईंनी मार्क ट्वेनची गोष्ट सांगितली. या अमेरिकन लेखकानं 1880 साली जर्मन भाषेच्या अवघडपणावर एक लांबलचक लेख लिहिला. त्याची एक तक्रार अशी, की या भाषेत सलगमला स्त्रीलिंग आहे आणि तरुण मुलीला मात्र लिंगच नाही, कारण मेडशेन, म्हणजे मुलगी, हा शब्द नपुंसकलिंगी आहे. वर्ग खळखळून हसला. मला हसू आलं नाही. मला माझी आजी आठवली.

आजी मालवणकडची. मुलीला ती 'चेडू' म्हणे. मी शाळेतून आले की ओसरीवरून आत विचारी, "चेडू इला काय?" झील 'इलो', बाय 'इली', आणि चेडू 'इला'. मालवणीत चेडू नपुंसकलिंगी. गोव्याच्या कोंकणीतही तसंच. त्या 'इला'मध्ये माझं मुलगीपण कुणी काढून घेतलं नव्हतं. उलट आजीच्या तोंडची ती सगळ्यात मऊ हाक होती. अजूनही ती कानात आहे, आणि अमेरिकेतल्या त्या थोर लेखकाला अशी आजी नव्हती म्हणून त्याला मेडशेन कळलं नाही, असं मी मनापासून म्हणते.

कारण हे एका शब्दापुरतं नाही. जर्मनमध्ये नामाला 'शेन' किंवा 'लाइन' हे लहानपण दाखवणारे प्रत्यय लागले की मूळ शब्दाचं लिंग कुठलंही असो, नवा शब्द नपुंसकलिंगीच होतो. मेडशेन हा शब्द माग्ट या स्त्रीलिंगी शब्दापासून झाला आहे. तो लहान झाला आणि 'डी'चा 'डास' झाला. कुत्रा डेर हुंट, त्याचं पिल्लू डास ह्युंटशेन. आता आपल्याकडे बघा. लेकरू, पाखरू, वासरू, कोकरू, शिंगरू, करडू, पिल्लू. सगळी 'ते'. गाय ती, बैल तो, पण वासरू ते. मेंढी ती, कोकरू ते. घोडी ती, शिंगरू ते. जर्मनमध्ये वासराला डास काल्प, कोकराला डास लाम, शिंगराला डास फोलेन, आणि मुलाला डास किंड, जसं आपलं 'ते मूल'. जे अजून कुणाच्या तरी पोटाशी आहे, ज्याला जगात आपली जागा घ्यायची आहे, त्याला दोन्ही भाषांनी तिसऱ्या लिंगात ठेवलं. हे मी एकतीस वर्षं शिकवलं आणि मला दिसलं नव्हतं. मी 'वासरू – नपुंसकलिंग' असं फळ्यावर लिहून पुढच्या शब्दाकडे जात असे.

विशेषणांचे प्रत्यय आले आणि वर्गातली चार मुलं येईनाशी झाली.

त्यात त्यांचा दोष नव्हता. बाईंनी एका तासात तीन तक्ते दिले. एक 'डेर'सारख्या शब्दामागून येणाऱ्या विशेषणांचा, एक 'आइन' म्हणजे 'एक' किंवा 'माइन' म्हणजे 'माझा' यांच्यामागचा, एक कशाच्याच मागे नसलेल्यांचा. प्रत्येक तक्त्यात चार विभक्ती. आडवी तीन लिंगं आणि चौथं अनेकवचन. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस घरं. प्रत्यय मात्र पाचच: ए, एर, एस, एन, एम. पाच प्रत्यय अठ्ठेचाळीस घरांत असे विखुरलेले पाहिले की वाटतं, हे पाठ करण्यात जन्म जाईल. त्या दिवशी परतीच्या गाडीत ती नर्स मुलगी रडवेली झाली होती. ठाण्याहून कल्याण स्लो पकडली, सुदैवानं बसायला मिळालं. समोर एक बाई मेथी निवडत होती. कळवा गेलं, मुंब्रा आलं. मी तिची वही मांडीवर घेतली.

"मराठीत म्हण. चांगला मुलगा."

"चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं घर."

"आता प्रत्येकाला 'ला' लाव."

"चांगल्या मुलाला, चांगल्या मुलीला, चांगल्या घराला." आणि ती थांबली.

तिला दिसलं ते मलाही त्याच क्षणी नीट दिसलं. विभक्तीचा प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं जे सामान्यरूप होतं, तिथे विशेषण तिन्ही लिंगांत एकच होतं: चांगल्या. ला, चा ही ओळख मागच्या नामाला लागते, म्हणून विशेषणाला वेगळं काही सांगण्याचं कामच उरत नाही. आता जर्मन चतुर्थी: डेम गूटेन मान, डेर गूटेन फ्राऊ, डेम गूटेन किंड. चांगल्या माणसाला, चांगल्या बाईला, चांगल्या मुलाला. तिन्हीकडे गूटेन. आपलं 'चांगल्या' तेच त्यांचं 'गूटेन'. पहिल्या तक्त्यातल्या सोळापैकी अकरा घरांत हा एकच 'एन' आहे, दुसऱ्या तक्त्यातही सोळापैकी अकरा. बाकीची पाच-पाच घरं लक्षात ठेवायची. अठ्ठेचाळीस आकड्याची भीती दिवा यायच्या आत निम्म्याहून कमी झाली.

मग त्या पाच-पाच घरांचं काय? इथे मला जर्मनची रीत फार आवडली. लिंग कुठेतरी एकदा दिसलं पाहिजे, एवढाच तिचा आग्रह. 'डेर'नं पुल्लिंग सांगितलं की विशेषण स्वस्थ बसतं: डेर गूटे मान. पण 'आइन' पुल्लिंगालाही तोच आणि नपुंसकलिंगालाही तोच, त्याच्यावरून काही कळत नाही. मग विशेषणाला पुढे व्हावं लागतं: आइन गूटर मान, आइन गूटेस किंड. घरात थोरला दाराशी गेला की धाकट्याला उठावं लागत नाही. थोरला नसला की पाहुण्याला 'या, बसा' धाकट्यानंच म्हणायचं. आणि पुढे कुणीच नसेल तर सगळा भार विशेषणावर: हायसर टे म्हणजे गरम चहा, काल्टे मिल्श म्हणजे थंड दूध, काल्टेस वासर म्हणजे थंड पाणी. 'गूटर'मधला र हा 'डेर'मधला आहे, 'गूटेस'मधला स हा 'डास'मधला. थोरल्याचीच अंगरखी धाकट्याच्या अंगावर.

कोपर गेल्यावर तिनं शेवटची शंका काढली. "काकू, पण डेर गूटेन फ्राऊ? बाईच्या आधी डेर कसा? डेर तर पुरुषाचा ना?" मी म्हटलं, "त्या मुली आल्या. त्या मुलाला बोलाव. दोन्हीकडे 'त्या'. तुझा कधी गोंधळ झाला?" ती एकदम शांत झाली. समोरची मेथीवाली बाई इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "हे तर आपल्यासारखंच आहे की." डोंबिवलीला उतरताना मला वाटलं, माझ्या एकतीस वर्षांत सामान्यरूपाचा असा तास मी एकदाही घेतला नव्हता.

सगळंच जुळतं असं मी म्हणणार नाही. तशी फसवणूक मला कुणाची करायची नाही. पुस्तक, घर, पाणी दोन्हीकडे 'ते'. शाळा, रात्र, भाषा दोन्हीकडे 'ती'. दिवस, पाऊस, चहा दोन्हीकडे 'तो'. इतकं छान चाललेलं असताना हात येतो आणि तो तिथे 'ती' निघतो. डोळा आणि कान आपले 'तो', त्यांचे 'ते'. नाक आपलं 'ते', त्यांचं 'ती'. दूध 'ती', कॉफी 'तो'. याला कारण विचारू नये. आपल्याला तरी कुठे सांगता येतं की ताट ते, वाटी ती आणि पेला तो का? त्यांच्याही जेवणाच्या टेबलावर चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी आहे. काही बाबतींत तर मराठीच अवघड. 'मुलगी चांगली आहे' इथेही आपण प्रत्यय लावतो. जर्मनमध्ये डी फ्राऊ इस्ट गूट, डेर मान इस्ट गूट, विशेषण नामाच्या मागे गेलं की ते मोकळं. 'मी शिकतो', 'मी शिकते' हा भेदही त्यांच्याकडे नाही, इश लेर्ने कुणीही म्हणावं.

आणि काही ठिकाणी जुळतं ते असं की अंगावर काटा येतो. क्लास सुटल्यावर एकदा मी मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर बसले होते. त्या दिवशी शिकलो होतो की 'झे' हा शब्द पुल्लिंगी असेल तर तळं, डेर झे; स्त्रीलिंगी असेल तर समुद्र, डी झे. एकच शब्द, लिंग बदललं की पाणी बदलतं. घड्याळात पाहिलं, निघायला हवं होतं, आणि मनात आलं: वेळ. 'तो' वेळ जातो, 'ती' वेळ येते. किती वेळ गेला म्हणताना पुल्लिंगी, आणि निघायची वेळ झाली म्हणताना स्त्रीलिंगी. हा शब्द मी 'दोन्ही लिंगी शब्द' या मथळ्याखाली बाग, ढेकर यांच्याबरोबर वर्षानुवर्षं पाठ करून घेतला होता. अर्थ बदलतो हे मुलांना सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं.

आपल्या शब्दांची लिंगं पहिल्यांदा एकेक करून ज्यांनी कोशात नोंदवली त्यांत परक्यांचा वाटा मोठा आहे. जेम्स मोल्सवर्थ या लष्करी अधिकाऱ्यानं जॉर्ज आणि थॉमस कँडी या भावांच्या आणि शास्त्र्यांच्या मदतीनं मराठी-इंग्रजी कोश केला. तो 1831 साली निघाला, दुसरी आवृत्ती 1857 सालची. त्यात नामापुढे लिंगाचं अक्षर आहे. मी आता तो कोश वेगळ्या नजरेनं उघडते. मोल्सवर्थचीही इंग्रजी बिनलिंगाची. ताट ते आणि वाटी ती हे त्याला कुणाला तरी विचारून, लिहून, पाठ करून घ्यावं लागलं असेल, जसं मी आज निळ्या कागदावर डेर, लाल कागदावर डी आणि हिरव्यावर डास लिहून फ्रीजला चिकटवते. त्या कोशाच्या दोन आवृत्त्यांच्या मधल्या काळात, 16 एप्रिल 1853 ला, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली आणि मागोमाग ढीगभर नवे शब्द आले. कुठलीही सभा भरली नाही, तरी इंजिन 'ते' झालं, सिग्नल 'तो' झाला, तिकीट 'ते' झालं, आणि पुढे लोकल आली तीही 'ती'. जर्मनांनीही तसंच बसला डेर, तिकिटाला डास लावून टाकलं. जिवंत भाषा अशी पाहुण्याला पाट मांडते.

म्हणूनच एक गोष्ट मनाला लागते. गेल्या दहा-बारा वर्षांत शाळेत आणि सोसायटीच्या पटांगणात मी 'माझा नाव', 'तो पुस्तक', 'ती झाड' हे रोज ऐकते. हिंदीत दोनच लिंगं आहेत आणि इंग्रजीत तीही नाहीत. या दोन्हींच्या मधोमध वाढणाऱ्या डोंबिवली-कल्याणच्या मुलांच्या तोंडून नपुंसकलिंग पहिलं गळतं आहे. आमच्या वर्गातल्या हिंदीभाषक मुलांना तिसऱ्या लिंगासाठी डोक्यात नवा कप्पा करावा लागत होता. आपल्या मुलांकडे तो आईच्या दुधाबरोबर आलेला असतो, आणि आपण तो रिकामा होऊ देतो. मग वीस वर्षांनी हजारो रुपये फी भरून तोच कप्पा इंग्रजीतून परत विकत घेतो. याचं मला दुःख आहे आणि ते मी लपवत नाही.

नातीला मी आता 'ती सूर्य' म्हणताना अडवत नाही. ती म्हणते, "डी झोने," मी म्हणते, "तो सूर्य," आणि मग चंद्रावर आमचं एकमत होतं: डेर मोंड, तो चंद्र. मागच्या शनिवारी तिनं मला चित्रातलं कोकरू दाखवून विचारलं, "आजी, हे तो की ती?" मी काही बोलायच्या आत तिनंच उत्तर दिलं, "ते. डास."

ती नर्स मुलगी ए-वन पास झाली. आता ए-टूच्या तयारीला लागली आहे आणि रविवारी सकाळी आमच्या घरी वही घेऊन येते. तिच्याबरोबर आता आणखी तिघी येतात.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत जर्मन शिकवणाऱ्या सर्व शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे. पुढची तुकडी सुरू होईल तेव्हा पहिल्या तासाला डेर, डी, डास लिहिण्याआधी फळ्यावर तीन शब्द लिहा: चांगला, चांगली, चांगलं. त्याखाली एकच: चांगल्या. आणि मुलांना पाच मिनिटं ते वाचू द्या.